एकच लेन्स, तीही रुंद

९ फेब्रुवारी, दुपार

ती. दादास,

साष्टांग नमस्कार. तू रागावलास की मी तुला तीर्थरूप करते, हे तुला लहानपणापासून ठाऊक आहे. तेव्हा समजून घे. इकडे सगळं ठीक. वहिनीचा गुडघा कसा आहे? जिन्याच्या खेपा कमी कर, असं तिला माझ्या नावाने सांग. तुझ्या नावाने सांगितलंस तर ती मुद्दाम दोन जास्त मारेल.

तुझं पत्र परवा आलं. पाकीट फोडायच्या आधीच कळलं की आत आग आहे, कारण पत्ता लिहितानाच पेन कागदात रुतलं होतं. वहिनी माझ्याकडे राहून गेली, कपाट बघून गेली, आणि हिच्याकडे आता एकच लेन्स उरलीय असं तुला म्हणाली. एवढ्यावर तू चार पानं लिहिलीस! 'मी बसच्या जादा फेऱ्या मारून घेऊन दिलेली लेन्स विकताना एका शब्दाने विचारलं असतंस तर जीभ झडली असती का?' झडली नसती. पण विचारलं असतं तर तू नाही म्हणाला असतास, आणि मग मला तुझा शब्द मोडून विकावी लागली असती. त्यापेक्षा हे बरं.

आता तुला समजेल असं सांगते. तू दिलेली लेन्स लांबचं जवळ आणणारी होती. मैदानाच्या या टोकाला बसून त्या टोकाच्या खेळाडूच्या कपाळावरचा घाम टिपायचा, ही तिची करामत. तिच्याशिवाय एक चेहऱ्यांसाठीची होती, तीही विकली. ठेवली ती सोळा-पस्तीसची. हिच्यात आकडा जितका लहान, तितकं जास्त मावतं. सोळावर लावली की खोलीच्या दारात उभं राहून चारांपैकी तीन भिंती येतात, छत येतं, स्वतःच्या चपलासुद्धा येतात. पस्तीसवर नेली की एखादा माणूस बसलेला, उभा, त्याच्या टेबलासकट नीट येतो. मधलं सगळं बोटाने फिरवून मिळतं. आता माझं काम खोल्यांचं, दुकानांचं, कारखान्यांचं. मैदानावर मी हल्ली जात नाही. मग ते धूड खांद्यावर कशाला वागवायचं?

खांदाही दुखतो, खोटं नाही सांगत. आणि लेन्स बदलताना एक मागे पडलीसुद्धा. टेबलावर ठेवली असं मला वाटलं आणि टेबल तिथे संपलेलं होतं. एकच लेन्स असली की बदलाबदलीचा प्रश्नच मिटला.

शिवाय रुंद लेन्सची एक शिस्त असते, ती मला आवडायला लागलीय. लांबच्या लेन्सने माणसाला न विचारता टिपता येतं. हिच्यासाठी त्याच्या पुढ्यात जावं लागतं. हातभर अंतरावर गेलं की तो विचारतोच, "काय हो बाई?" मग दोन शब्द होतात, तो सैल होतो, मग फोटो. परवा एका कुलुपं बनवणाऱ्याने मला अख्खं कुलूप उघडून दाखवलं. पूर्वी मी त्याला लांबून टिपून निघून गेले असते.

खोड एकच. कडेचं सगळं ताणलं जातं. मधला माणूस जसाच्या तसा आणि कडेचा पसरट. म्हणून आमच्यात पहिला नियम असा की रुंद लेन्सच्या कडेला माणूस ठेवू नये. मागच्या महिन्यात एका कारखान्याच्या मालकाने सगळ्यांचा एकत्र फोटो मागितला आणि ऐनवेळी त्याच्या सासूबाई येऊन टोकाला उभ्या राहिल्या. त्यांना बाजूला सरा म्हणायचं धाडस कोणाचं? फोटोत बाई कपाटाएवढ्या आल्या. मालक दहा मिनिटं फोटोकडे बघत राहिला. मग म्हणाला, "फोटो छान आहे, पण घरी नेता येणार नाही."

हसलास ना? मग राग सोड.

बाबा असते तर त्यांना ही लेन्स आवडली असती का, असं हल्ली मनात येतं. त्यांना सगळं लहान आणि जवळून बघायची सवय. दुकानात डोळ्याला भिंग लावून घड्याळात केसाएवढी स्प्रिंग बसवायचे आणि उठून आत येताना दाराच्या चौकटीवर आपटायचे. आई म्हणायची, "एवढंसं चाक दिसतं आणि एवढं मोठं दार दिसत नाही!" त्यांच्या कपाळावर कायम एक टेंगूळ असायचं. आपण दोघं त्यावर किती हसायचो.

असो. वहिनीला पत्र वाचून दाखव, म्हणजे तिने चुगली केली याचं तिला वाईट वाटणार नाही. 

राग गेला असेल तर उत्तर पाठव, नसेल तर आणखी चार पानं पाठव, पण पाठव.

तुझी
बारकी

ता. क. — तुझ्या गाडीचा आरसा पुन्हा फुटला, असं वहिनी म्हणत होती. पुन्हा म्हणजे? आणि कुठल्या बाजूचा?


२२ फेब्रुवारी, सकाळ

प्रिय दादा,

तीर्थरूप काढून टाकलंय, कारण या वेळी रागावायची पाळी माझी आहे.

तू लिहितोस, 'तुझी कारणं वाचली, एकही पटलं नाही. दोन दोन कॅमेरे गळ्यात अडकवून पोरांच्या पुढे पळणारी तू, तुझा खांदा दुखतो? मला शेंड्या लावू नकोस. पैशाची अडचण आहे का? की कोणी काही बोललं?' आणि खाली माझ्या ता. क.ला ओझरतं उत्तर, 'आरसा डावीकडचा. खांब रस्त्यात घुसवलेत लेकाच्यांनी. वर्षात दोनदा झालं. त्यात काय विचारायचं?' आणि मग सगळ्यात शेवटी, जणू गंमत सांगावी तसं, की मंगळवारी एक सायकलवाला आकाशातून पडावा तसा तुझ्या पुढ्यात आला, तू ब्रेकवर उभा राहिलास, तो वाचला आणि गाडीतल्या लोकांनी तुलाच शिव्या घातल्या.

हे शेवटचं वाक्य मी उभ्याने वाचलं आणि मग खाली बसले.

बरं. शेंड्या लावत नाही. पैशाची अडचण नाही आणि कोणी काही बोललेलं नाही. ऐक.

नोव्हेंबरात एका लाकूडकामाच्या कारखान्यात मी फोटो काढत होते. नवी यंत्रं आली होती, त्यांची माहितीपुस्तिका करायची होती. सोळावर लेन्स लावून मी यंत्राच्या जवळ सरकत होते. रुंद लेन्सने पुढे पुढेच जावं लागतं, मागे नाही. माझ्या डाव्या अंगाला एक शिडी होती आणि शिडीवर वायरमन दिवा बसवत होता. मी सरळ जाऊन शिडीला धडकले. त्याने वरच्या तुळईला हात घातला म्हणून लोंबकळला, नाहीतर खाली करवतीचं पातं होतं. खाली उतरल्यावर तो मला म्हणाला, "बाई, एवढी मोठी शिडी! आंधळ्या आहात का?" मी म्हटलं, कॅमेरा डोळ्याला होता हो, चूक झाली. तो पाणी प्याला, मीही प्याले, विषय संपला.

घरी येऊन फोटो बघितले. प्रत्येक फोटोत ती शिडी होती, दादा. डाव्या कोपऱ्यात, पायरीन् पायरी, वर वायरमनची चप्पलसुद्धा. कॅमेऱ्याला दिसली होती. धडकायच्या आधी मी आठ-दहा वेळा तिचा फोटो काढला होता आणि ती तिथे आहे हे मला ठाऊक नव्हतं.

चालढकल करत शेवटी जानेवारीत मी डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेले. डॉक्टरीणबाई वयाने माझ्याएवढ्याच असतील. आधी तक्ता वाचायला लावला. शेवटची ओळ मी धडाधड वाचली. मला वाटलं, सुटले. मग त्यांनी एका अंधाऱ्या खोलीत पांढऱ्या पोकळ भांड्यासारख्या यंत्रात डोकं घालून बसवलं. समोरच्या ठिपक्यावर नजर ठेवायची, हलवायची नाही, आजूबाजूला कुठे बारीक दिवा लागला की हातातलं बटण दाबायचं. सुरुवातीला दिवे दिसले, मी दाबत गेले. मग दिवे यायचे थांबले. मी वाट बघत बसले. शेवटी यंत्र चालवणाऱ्या मुलीला म्हटलं, "अगं, तुझं यंत्र बंद पडलं वाटतं." ती म्हणाली, "नाही मॅडम, चालू आहे. दिवे लागतायत."

काचबिंदू म्हणतात याला. दुखत नाही, खुपत नाही. नजर कडेकडून खाल्ली जाते आणि मधली शेवटपर्यंत लख्ख राहते. काळं काही दिसत नाही, हे सगळ्यात फसवं. तिथे काही नाही असंही वाटत नाही. जिथे शिडी होती तिथे मला भिंतच दिसत होती. जे गेलं ते परत येत नाही, उरलेलं थेंबांवर राखता येतं. मी रोज थेंब घालते, एकदाही चुकवत नाही.

आता कळलं लेन्स का विकली? लांबच्या लेन्ससाठी आधी नुसत्या डोळ्याने मैदानभर बघावं लागतं, मग नेमकं हेरायचं. मला मैदान दिसत नाही, त्यातलं एका ताटाएवढंच दिसतं. आणि सोळावर लेन्स लावून कॅमेऱ्यातून बघितलं की कडेचं सगळं लहान होऊन माझ्या त्या ताटात येऊन बसतं. दारं, खांब, कोपऱ्यात उभी असलेली माणसं. फक्त मला ताटाच्या काठाकाठाने नजर फिरवायची शिस्त लावून घ्यावी लागली, शिडीच्या वेळी ती नव्हती. आता रस्ता ओलांडतानासुद्धा मी कॅमेरा डोळ्याला लावते. लोकांना वाटतं बाई हौशी आहे. वाटू दे.

अजून कामावर कोणाला सांगितलं नाही. तुलाही सांगणार नव्हते, कारण तू लगेच गाडी काढून येशील हे मला माहीत आहे. येऊ नकोस. मी धडधाकट आहे, काम करते, जेवते, भांडते. रडून झालेलं आहे.

तुला इतकंच विचारते. तुमच्या डेपोत डोळे तपासतात ते कसे? तक्ताच ना?

काळजी करू नकोस असं म्हणणार होते. पण थोडी कर.

तुझी
बारकी

ता. क. — तो सायकलवाला कोणत्या बाजूने आला, हे तू लिहिलं नाहीस.


६ मार्च, शुक्रवार, सकाळ

दादा,

हे पत्र आणि सोबतची गुंडाळी तुमच्या लांबच्या गाडीच्या कंडक्टरच्या हाती देतेय, म्हणजे तुला आज संध्याकाळी मिळेल. टपालाने सोमवार उलटून जाईल. नमस्कार, क्षेम, गुडघा, सगळं यात धरून चाल.

तुझं पत्र मी पुन्हा पुन्हा वाचलं. 'बारके, तू घाबरू नकोस, मी आहे ना. तुला जिथे जायचं असेल तिथे मी नेईन. मी तुझे डोळे होईन.' माझ्यासाठी कोणी असं कधी लिहिलं नव्हतं. वाचून मला इतकं रडू आलं की थेंब वाहून गेले, पुन्हा घालावे लागले.

आणि त्याच पानाच्या खाली, 'आमच्याकडे तक्ताच. शेवटची ओळ पाठ झालीय मला, न बघता म्हणून दाखवीन! सायकलवाला डावीकडून. आणि गोड बातमी अशी की सोमवारपासून मला जुन्या बाजारातून शाळेवरून जाणारा रस्ता दिलाय. साहेब म्हणाले, तिथे तुमच्यासारखा नाकासमोर बघून चालवणाराच पाहिजे.'

काल तुला फोन केला. डोळे तपासून घे, एवढंच म्हणाले. तू हसलास. "अगं, मी मैलभरावरची पाटी वाचतो," म्हणालास. मग गाडी लावायचीय म्हणून फोन ठेवलास. फोनवर तू कधीच ऐकत नाहीस, नुसता बोलतोस. म्हणून लिहिते. कागदाला मध्येच तोडता येत नाही.

मी आतापर्यंत जे टाळलं ते हे. जानेवारीत डॉक्टरीणबाईंनी मला विचारलं होतं, घरात आणखी कोणाला होतं का? मी म्हटलं, कोणालाच नाही. मग त्यांनी विचारलं, कोणी सारखं धडपडायचं का? दाराला, खुर्चीला? आणि मला बाबांचं टेंगूळ आठवलं. शेवटच्या वर्षात पाण्याचा पेला शेजारी ठेवला तरी ते चाचपडायचे, आठवतं? आपण म्हटलं, वय झालं. आई म्हणायची, लक्ष नसतं यांचं. घड्याळात मात्र शेवटपर्यंत चूक नाही. दादा, त्यांना दार दिसतच नव्हतं. आणि आपण हसत होतो.

बाई म्हणाल्या, "सख्खी भावंडं असतील त्यांना लगेच बोलवा. त्यांना धोका जास्त. भाऊ काय करतात?"

मी म्हटलं, "नोकरी."

बस चालवतो, हे माझ्या तोंडातून निघालं नाही. वाटलं, आत्ता सांगितलं तर ही बाई इथल्या इथे फोन उचलेल. आणि तुझी गाडी गेली तर तू काय राहशील, हे मला बघवणार नव्हतं. ताटलीचं स्टिअरिंग घेऊन तू घरभर गाडी चालवायचास आणि मी मागे कंडक्टर. बाबा दुकानातून आले की त्यांनाही तिकीट काढावं लागायचं. तुला त्याशिवाय दुसरं काही व्हायचंच नव्हतं, आणि तू झालास. म्हणून मी आधी खांद्याचं कारण सांगितलं, मग लेन्सच्या शिस्तीचं, मग माझं एकटीचं दुखणं सांगितलं आणि तुझ्यापाशी येऊन ता. क. टाकला. तेवढ्या दिवसांत तू रोज गाडी काढत होतास. डावा आरसा दोनदा. डावीकडून सायकल. मी ताळा करत बसले आणि तोंड उघडलं नाही.

तुला नसेलही. खांब खरंच रस्त्यात घुसले असतील. सायकलवाले आकाशातून पडतातही. तुला काही नाही असं निघालं तर मी तुझी माफी मागेन, वहिनीपुढे मागेन, आणि जन्मभर तू मला घाबरट म्हण. पण शाळा सुटल्यावर पोरं कडेकडूनच येतात रे. समोरून कोण येतं? बॉल गटारात गेला की एक धावतं, त्याच्यामागे दुसरं. तू नाकासमोर बघशील आणि तुला रस्ता मोकळा दिसेल. खोटं नव्हे, मनापासून मोकळा दिसेल, जशी मला भिंत दिसली. माझा वायरमन तुळईला लोंबकळला. पोराला लोंबकळायला काय आहे?

मला काय वाटतं ते सरळ सांगते. मला भीती वाटते. माझ्या डोळ्यांची वाटली त्यापेक्षा जास्त. आणि तुझा रागही येतो, कारण तू हसलास.

साहेबांना तूच सांग, की मला डोळ्यांची मोठी तपासणी करायची आहे, तोवर दुसऱ्याला पाठवा. उद्या, शनिवारीच सांग. तुझ्या गावातल्या मोठ्या दवाखान्यात ते भांड्यासारखं यंत्र आहे, मी चौकशी केली आहे. सोमवारी सकाळची वेळ तुझ्या नावाने घेतली आहे, वहिनीला बरोबर ने. तू सांगितलं नाहीस, तर रविवारी संध्याकाळी मी स्वतः साहेबांना फोन करणार आहे. त्यांचा नंबर वहिनीकडून घेऊन ठेवलाय. तिला का हवाय ते सांगितलेलं नाही, तिच्यावर चिडू नकोस. मला चुगलखोर म्हण, घरभेदी म्हण, पुढचा जन्मभर पत्र पाठवू नकोस. मी फोन करणारच.

आपल्या खेळात एक नियम होता. मी एक घंटी दिली की तू थांबायचास. मग मी दोन देईपर्यंत हलायचा नाहीस, आईने जेवायला हाका मारल्या तरी. एकदा मी घंटी देऊन झोपी गेले आणि तू तसाच ताटली धरून बसून राहिला होतास. दादा, मी एक घंटी दिली आहे.

आता गुंडाळी वहिनीकडे दे, तू उघडू नकोस. मोठा फोटो आहे, माझ्याच खोलीचा, सोळावर काढलेला. भिंतीवर तुझ्या डोळ्यांच्या उंचीवर तिलाच लावू दे, कोपरे नीट चिकटवू दे, तोवर तू पाठ करून उभा राहा. मधोमध स्टुलावर बाबांचं भिंग ठेवलंय. भिंतीपासून वीतभर अंतरावर उभा राहा. आधी एक डोळा हाताने झाक, मग दुसरा. नजर भिंगावर ठेव आणि तिथून हलवू नकोस. चोरून बघू नकोस, तुला ती सवय आहे. वहिनीला शेजारी उभी कर, ती तुझ्या बुबुळावर पहारा देईल. भिंगावरून नजर न काढता उजव्या कडेला बाबांचं भिंतीवरचं घड्याळ दिसतं का ते सांग. ते बंद आहे, पण काटे ठळक आहेत. आणि डाव्या कडेला मी उभी आहे. मी एक हात वर केलाय आणि काही बोटं दाखवली आहेत. किती, ते मोठ्याने वहिनीला सांग. अंदाज करू नकोस. दिसलं नाही तर दिसलं नाही म्हण.

ही खरी तपासणी नव्हे, हे मला माहीत आहे. बोटं बरोबर आली तरी सोमवारी यंत्रापुढे बसायचंच आहे. हे फक्त तुझं हसणं थांबवण्यासाठी.

मला माहीत आहे की कडेला माणूस ठेवू नये. मी टायमर लावला आणि मुद्दाम कडेला जाऊन उभी राहिले. त्या सासूबाईंपेक्षा रुंद आले आहे. खांदा एका बाजूला ओघळलाय, तोंड भोपळ्याएवढं, आणि वर केलेला हात बघशील तर एवढा मोठा पंजा कोणाच्या बापाचा, असं विचारशील. मी स्वतःचा इतका वाईट फोटो आजवर कोणाला दाखवला नाही.

तो बघून तुला हसू येणारच. नजर भिंगावर असताना हसू आलं, तर मला तुझ्या पहिल्या हसण्याचाही राग राहणार नाही.

आणि हसू आलं नाही, तर मी कुठे आहे ते शोधू नकोस. डोळ्यावरचा हात काढून वहिनीचा हात धर, आणि खाली बस.

फोटोच्या डाव्या कडेला
हात वर करून उभी असलेली,
तुझी
बारकी